वधूवर मंडळाच्या वेबसाइटवर फोटो-एडिटर बसवायचा आहे, जाणकारांचा सल्ला हवा

पाणंद

आमच्या वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट मी सांभाळते. मागे सर्व्हरवर जँगो (पायथनमधली वेबसाइट बनवायची प्रणाली), पुढे ब्राउझरमध्ये साधं जावास्क्रिप्ट, फ्रेमवर्क कुठलंच नाही. नोंदणी करताना फोटो जोडावा लागतो आणि सगळं घोडं तिथेच अडतं. फोटो आडवे येतात, नाहीतर लग्नाच्या मांडवातले येतात: मधे मुलगी, एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला चुलत बहीण. काही इतके अंधारातले की चेहराच दिसत नाही.

आत्ता काय होतं, तर कार्यालयातले स्वयंसेवक हे फोटो आपापल्या मोबाइलवर उतरवून घेतात, कापतात, सरळ करतात आणि परत चढवतात. म्हणजे लोकांच्या मुलामुलींचे फोटो चार जणांच्या गॅलरीत पडून राहतात. कुणाच्या मनात वाईट नाही, पण हे मला मुळीच पटत नाही. म्हणून नोंदणीच्या पानावरच पालकांना किंवा मुलामुलींना स्वतःला हे करता यावं असं वाटतं.

लागणारं एवढंच: फोटो फिरवणं, ३:४ मापात कापणं, थोडा उजळ करणं. पुढे जमलं तर परिचयपत्रिकेसाठी फोटोच्या खाली देवनागरीत नाव आणि गाव. भरणारे बहुतेक आईवडील, हातात मोबाइल, तोही बेताचाच.

प्रश्न असे:
तयार लायब्ररी (म्हणजे आयता कोड) कोणती घ्यावी? विकतची घेण्यात अर्थ आहे का?
शेवटचा फोटो ब्राउझरमध्ये बनवायचा की सर्व्हरवर?
आणि तुम्ही असं काही केलं असेल तर कुठे ठेच लागते?

तिफण

गरज इतकी नेमकी लिहिलीत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक 'फोटो-एडिटर हवा' एवढंच म्हणतात आणि मग स्टिकर, फिल्टर, फ्रेम, ब्रश असलेलं भलंमोठं काहीतरी पानावर आणून ठेवतात. साठीतल्या बाबांना त्यातलं कापायचं बटण सापडत नाही.

बाजारात ढोबळमानाने तीन जातीच्या गोष्टी आहेत.

पहिली, फक्त कापणं-फिरवणं करणाऱ्या. यात क्रॉपर जेएस सगळ्यात मुरलेली. एमआयटी परवाना (म्हणजे वापर मोफत), फ्रेमवर्क लागत नाही, बोटांनी मोठं-लहान करता येतं, गुणोत्तर बांधून टाकता येतं. एक लक्षात ठेवा: तिची पहिली आणि दुसरी आवृत्ती हे दोन वेगळेच प्रकार आहेत. दुसरी वेब कॉम्पोनंटवर नव्याने लिहिलीय, त्यामुळे पहिल्या आवृत्तीचं उदाहरण नेटवरून उचललंत तर ते दुसरीत चालणार नाही. रिअ‍ॅक्ट असतं तर रिअ‍ॅक्ट-इझी-क्रॉप सुचवली असती.

दुसरी जात म्हणजे फॅब्रिक जेएस आणि कोन्व्हा. या एडिटर नव्हेत, एडिटर बनवायचं सामान आहे. कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या पटावर) वस्तू ठेवा, हलवा, वळवा, मजकूर टाका. बटणं, पट्ट्या, मागे-पुढे जाणं हे सगळं तुमचं तुम्ही लिहायचं.

तिसरी, पूर्ण तयार. टोस्ट यूआय इमेज एडिटर फॅब्रिकवर उभा आहे, फायलरोबोट कोन्व्हावर. पिंटुरा विकतचा आहे आणि मोबाइलवरचा त्याचा हात खरंच सफाईदार आहे. टोस्ट यूआय घेणार असाल तर 'यूसेज स्टॅटिस्टिक्स' हा पर्याय आधी बंद करा. तो मुळात चालू असतो आणि तुमच्या साइटचं नाव गूगल अ‍ॅनालिटिक्सकडे पाठवतो. वधूवर मंडळाच्या साइटवरून असं काही बाहेर जाता कामा नये.

परक्याच्या सेवेवर अख्खा एडिटर टेकवू नका, असंही सांगेन. एकेकाळी शेकडो अ‍ॅप्समध्ये अ‍ॅव्हिअरीचा एडिटर होता. २०१४ मध्ये अडोबीने ती कंपनी घेतली आणि काही वर्षांत ते दुकान बंद झालं. ज्यांनी तो बसवला होता त्यांना नवा शोधावा लागला.

तुमच्या कामाला क्रॉपर जेएस, दोन बटणं आणि उजेडाची एक पट्टी. याहून जास्त काही नको.

कातळ

तिफण यांच्याशी लायब्ररीबाबत पूर्ण सहमत. मी सर्व्हरच्या बाजूने लिहितो.

शेवटचा फोटो ब्राउझरमध्ये बनवू नका. ब्राउझरने फक्त कृती लिहून पाठवावी: इतके अंश फिरवलं, इथून इथपर्यंत कापलं, उजेड १.१. क्रॉपरच्या पहिल्या आवृत्तीतलं 'गेट डेटा' नेमकं हेच देतं: एक्स, वाय, रुंदी, उंची, कोन, आणि तेही मूळ फोटोच्या पिक्सेलमध्ये. मूळ फोटो जसाच्या तसा सर्व्हरवर ठेवायचा, कृती जेसनमध्ये (साध्या मजकुरातली नोंद), आणि दाखवायच्या प्रती पिलोने (पायथनची फोटो हाताळणारी लायब्ररी) बनवायच्या. उद्या साइटचं रूप बदललं, ३:४ ऐवजी चौकोनी फोटो लागले, तर सगळ्या पालकांना परत फोटो मागायची वेळ येत नाही. शिवाय जेपेग दर वेळी नव्याने साठवला की थोडा खराब होतो. कृती साठवली तर कितीही वेळा बदल केले तरी फोटो मुळातून एकदाच तयार होतो.

पण हे करताना तीन ठिकाणी ब्राउझर आणि पिलो यांचं जुळत नाही, ती आत्ताच सांगतो.

एक: दिशा. फोन उभा धरून काढलेला फोटो फायलीत बऱ्याचदा आडवाच असतो आणि सोबत एक्झिफमध्ये (फायलीत साठवलेली फोटोबद्दलची माहिती) दिशेचा आकडा असतो, १ ते ८. ६ असेल तर दाखवताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवायचा. २०२० मध्ये क्रोम ८१ आला तेव्हापासून ब्राउझर हे आपणहून करतात, पिलो करत नाही. समजा फायलीत फोटो ४००० × ३००० आहे. ब्राउझरला तो ३००० × ४००० दिसतो. आईने खालच्या बाजूचा चेहरा निवडला, वाय आला ३२००. पिलोच्या लेखी फोटोची उंचीच ३००० आहे, मग तो बाहेरचा भाग कापतो आणि तुम्हाला काळा चौकोन मिळतो, चूक म्हणून काही सांगतही नाही. उपाय एका ओळीचा: फाइल उघडल्या उघडल्या 'इमेज-ऑप्स'मधलं 'एक्झिफ ट्रान्सपोज' चालवा, मग बाकीचं. आणि २०२० पूर्वीच्या लेखांमधला, एक्झिफ वाचून स्वतः फिरवणारा जावास्क्रिप्ट कोड वापरू नका. तो आणि ब्राउझर असे दोघंही फिरवतात आणि फोटो पुन्हा आडवा होतो.

दोन: कोन. क्रॉपरमध्ये अधिक अंश म्हणजे घड्याळाच्या दिशेने, पिलोच्या 'रोटेट'मध्ये उलट. चिन्ह बदला आणि 'एक्सपांड' चालू ठेवा, कारण क्रॉपरचे एक्स-वाय हे फिरवल्यानंतर मोठ्या झालेल्या चौकटीतले असतात. आधी फिरवायचं, मग कापायचं, मग लहान करायचं, शेवटी उजेड. हा क्रम मोडला की काहीच जागेवर राहत नाही.

तीन: कॉन्ट्रास्ट. उजेडाचं गणित दोन्हीकडे एकच आहे, पिक्सेलला गुणायचं. कॉन्ट्रास्टचं नाही. सीएसएस फिल्टर मधल्या करड्या रंगाभोवती ताणतो, पिलोचा 'इमेज एन्हान्स' त्या फोटोच्या स्वतःच्या सरासरी उजेडाभोवती. अंधाऱ्या फोटोत दोन्हींचा निकाल डोळ्यांना सहज कळेल इतका वेगळा येतो. पालकांनी पडद्यावर एक बघितलं आणि प्रसिद्ध झालं दुसरंच, असं व्हायला नको. कॉन्ट्रास्ट द्यायचाच असेल तर पिलोच्या 'पॉइंट'ला प्रत्येक रंगासाठी २५६ आकड्यांचं कोष्टक द्या, १२७.५ हा मध्य धरून.

अबोली

मी प्रोग्रामर नाही. गोव्यात आमच्याकडच्या एका मंडळाचं नोंदणीचं काम बघते, म्हणून हा धागा पहिल्यापासून वाचतेय.

कातळ, तुमचं सगळं समजलं असं नाही म्हणणार, पण 'मूळ फोटो जसाच्या तसा सर्व्हरवर ठेवायचा' इथे मी थांबले. पाणंदताईंनी लिहिलंय ना, मधे मुलगी आणि बाजूला चुलत बहीण. आई ती बहीण का कापते? कारण तिचा या स्थळांशी काही संबंध नाही. कदाचित ती शाळेत आहे. कदाचित तिचं स्वतःचं लग्न मोडलंय आणि घरच्यांना तिचा फोटो कुठेही जायला नकोय. आईने कापून टाकलं, पडद्यावर गेलेलं बघितलं, निश्चिंत झाली. आणि तो अख्खा फोटो मंडळाच्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं आहेच. हे तिला कुणी सांगितलं?

आमच्याकडे फोटो देताना लोक सगळ्यात आधी हेच विचारतात की हा अजून कोण बघणार.

दुसरं, उजळ करण्याची पट्टी. अंधारातला चेहरा दिसावा म्हणून हवीच. पण ती किती पुढे सरकेल याला मर्यादा घाला आणि कुणी कितीही मागणी केली तरी 'त्वचा नितळ' करणारं बटण देऊ नका. मागणी येणार, मला खात्री आहे. आधीच मुलींना रंगावरून जे ऐकून घ्यावं लागतं त्यात मंडळाच्या साइटने स्वतःच्या हाताने भर घालू नये.

गलबत

अबोलीताई +१, दोन्ही मुद्द्यांना.

कापलेला भाग मागे राहण्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०२३ च्या मार्चमध्ये गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअप या साधनातली चूक उघड झाली, 'अ‍ॅक्रोपॅलिप्स' नावाने. स्क्रीनशॉट कापला की नवी लहान फाइल जुन्या फायलीच्या जागी लिहिली जायची, पण जुनी फाइल आधी आखूड केली जात नव्हती. त्यामुळे जुन्या चित्राचं शेपूट फायलीत तसंच राहायचं आणि त्यातून कापलेला भाग बऱ्याच अंशी परत मिळवता यायचा. पाच एक वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाठोपाठ विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसंच सापडलं. लोकांनी पत्ते, खाते क्रमांक कापून निर्धास्तपणे चित्रं पाठवली होती.

अजून एक कोपरा: एक्झिफमध्ये मूळ फोटोचं छोटं चित्र साठवलेलं असतं. कापल्यावर मेटाडेटा जुन्या फायलीतून उचलून नव्या फायलीत चिकटवला, तर त्या छोट्या चित्रात बहीण अजून उभी असू शकते.

कातळ

अबोली, तुम्ही म्हणताय ते मला मान्य करावंच लागेल, कारण कायदाही त्याच बाजूला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ म्हणतो की माहिती ज्या कामासाठी घेतली तेवढ्यापुरतीच वापरायची आणि काम संपलं की पुसायची. कापून टाकलेल्या बहिणीची तर संमतीच नाही.

तरीही मूळ न ठेवण्याची किंमत आहे हे लक्षात घ्या. ब्राउझरमध्ये कापून ६०० × ८०० चा फोटो पाठवला तर पुढे छापील परिचयपुस्तिकेत तो फाटतो. तीनशे डीपीआयला तो फोटो दोन इंच रुंद, त्यापेक्षा मोठा छापता येत नाही. मंडळं अजूनही पुस्तिका छापतात.

तिफण

मला वाटतं दोघांचं म्हणणं एकत्र बसतं. संपादनाच्या कृती दोन प्रकारच्या आहेत आणि आपण त्यांना एकाच डब्यात टाकतोय.

फिरवणं, उजेड, कॉन्ट्रास्ट यात काही लपवायचं नसतं. त्या कृती कातळ म्हणतात तशा जेसनमध्ये जाऊ देत, सर्व्हरवर होऊ देत, हव्या तेव्हा बदलता येऊ देत.

कापणं आणि झाकणं वेगळं. तिथे माणूस काहीतरी काढून टाकतोय. ते फोनमध्येच व्हायला हवं, म्हणजे नको असलेलं फोनच्या बाहेरच पडत नाही. कापलेला जो तुकडा आहे तोच आपला 'मूळ'. फक्त तो लहान करून पाठवायचा नाही. निवडलेला भाग जितक्या पिक्सेलचा असेल तितका, लांब बाजू २००० पर्यंत, जेपेगचा दर्जा ०.९. मग कातळ यांच्या पुस्तिकेलाही पुरतो.

तुकडा कॅनव्हासमधून निघाला की एक्झिफ गेलंच, म्हणजे घराचं जीपीएसही गेलं आणि दिशेचा आकडाही. कातळ यांचा पहिला मुद्दा इथे आपोआप सुटतो, तरी सर्व्हरवर ती ओळ राहू द्या. कुणाच्या जुन्या ब्राउझरवर जावास्क्रिप्ट अडलं आणि साधी फाइल आली तर उपयोगी पडेल.

झाकण्याबद्दलही. कुणी चेहरा धूसर करायची सोय मागितली तर ती देऊ नका, सपाट रंगाची पट्टी द्या. ठोकळे केलेल्या किंवा धूसर केलेल्या भागातून मूळ काय होतं याचा अंदाज काढण्याच्या युक्त्या आहेत. सपाट रंगाखालचं काही उरतच नाही.

अबोली

असं असेल तर माझी हरकत नाही. बटणाखाली एक ओळ लिहा: 'तुम्ही कापलेला भाग मंडळाकडे येत नाही.' हे वाचून कितीतरी आया मोकळेपणाने फोटो देतील.

आणि बटणांवर चित्रं नकोत, शब्द हवेत. 'फोटो सरळ करा', 'चौकट हलवा', 'पुन्हा पहिल्यासारखा करा'. गोल बाणाचं चित्र आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना कळत नाही.

पाणंद

किती मनापासून लिहिताय सगळे, खूप आभार. तिफण यांची विभागणी मला पूर्ण पटली, तशीच करते.

बसवायला सुरुवात केली आणि एक अडचण आली. 'टू डेटा यूआरएल'ने फोटो मजकूर म्हणून लपवलेल्या रकान्यात टाकला आणि फॉर्म पाठवला. लहान फोटो जातो, मोठा गेला की जँगो ४०० देतो. रकाना मोठा करायची काही सोय आहे का?

कातळ

सोय आहे, पण वापरू नका. जँगोमध्ये फाइल सोडून बाकी फॉर्मच्या मजकुराला मुळात २.५ एमबीची मर्यादा असते आणि ती सर्व्हर वाचवण्यासाठीच आहे. बेस-६४ ने (फोटो मजकुरात बदलायची पद्धत) तो एक तृतीयांशाने फुगतोही. त्याऐवजी 'टू ब्लॉब' वापरा, ब्लॉब (फायलीसारखा डेटाचा गठ्ठा) 'फॉर्म डेटा'मध्ये घाला, फाइल म्हणून पाठवा. मग ती मर्यादा लागू होत नाही आणि जँगोचा 'इमेज फील्ड' नेहमीसारखा चालतो.

'टू ब्लॉब'ला प्रकार 'जेपेग' असाच सांगा. वेबपी सांगितलंत तर सफारीला तो बनवता येत नाही, तो गुपचूप पीएनजी देतो आणि फाइल कित्येक पट मोठी येते. आलेल्या ब्लॉबचा प्रकार तपासायची सवय ठेवा. आणि कुणी पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी निवडला तर जेपेग होताना ती पार्श्वभूमी काळी होते, म्हणून चित्र टाकण्याआधी कॅनव्हास पांढऱ्या रंगाने भरा.

सर्व्हरवर काय आलंय यावर मात्र कधीच विश्वास ठेवू नका. एडिटर ब्राउझरमध्ये आहे म्हणजे फोटो एडिटरमधूनच आला असं नव्हे, कुणीही थेट काहीही पाठवू शकतो. पिलोने उघडा, प्रकार जेपेग किंवा पीएनजीच आहे ना बघा, एसव्हीजी घेऊच नका कारण त्यात स्क्रिप्ट दडवता येते, आणि नव्याने जेपेग लिहून तोच साठवा. २०१६ मध्ये 'इमेजट्रॅजिक' गाजलं होतं, चित्र म्हणून चढवलेल्या फायलीतून इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत सर्व्हरवर आज्ञा चालवता येत होत्या. पिलो आणि इमेजमॅजिक वेगळे, पण धडा तोच. पिलो सुमारे नऊ कोटी पिक्सेलच्या पुढे सावधगिरीची सूचना देतो आणि त्याच्या दुपटीपुढे फाइल नाकारतो. तुम्ही तुमची मर्यादा त्याहून बरीच खाली, अडीच-तीन कोटींवर ठेवा, सूचनेची वाट बघू नका.

गलबत

आता बेताच्या मोबाइलबद्दल. पाणंद, तुमच्या वापरणाऱ्यांसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं ठरेल.

फाइल ३ एमबीची दिसते म्हणून ती हलकी समजू नका. कॅनव्हासवर प्रत्येक पिक्सेल ४ बाइट घेतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो उघडला की ४८ एमबी, ५० मेगापिक्सेलचा उघडला की २०० एमबी. त्यात क्रॉपर एक प्रत धरणार, कापताना दुसरी. दोन जीबी रॅमच्या फोनवर ब्राउझर टॅबच बंद करतो आणि भरलेला अख्खा फॉर्म जातो. आईने अर्धा तास घालून पत्रिकेचा तपशील भरलेला असतो, तो पुसला गेला तर ती परत येणार नाही. म्हणून फोटोच्या पायरीआधी बाकीचा फॉर्म साठवून घ्या.

आयफोनचं वेगळंच. आयओएस सफारीत वर्षानुवर्षं कॅनव्हासला १,६७,७७,२१६ पिक्सेलची मर्यादा होती, म्हणजे ४०९६ × ४०९६. आयफोन १५ पासून कॅमेरा मुळातच २४ मेगापिक्सेलचा, ५७१२ × ४२८४ चा फोटो काढतो. तो जुन्या मर्यादेच्या पलीकडे आहे. मर्यादा ओलांडली की पडद्यावर चूक येत नाही, कॅनव्हास नुसता कोरा राहतो.

दोन्हींवर उपाय एकच: संपादनासाठी फोटोची छोटी प्रत वापरा, लांब बाजू १६०० वगैरे. निवड पक्की झाली की क्रॉपरचे आकडे मूळ मापात बदला आणि 'क्रिएट इमेज बिटमॅप'ला फाइल, निवडलेला आयत आणि हवी ती रुंदी द्या. मग कॅनव्हासवर फक्त तुकडा येतो, अख्खा फोटो येत नाही. 'क्रिएट ऑब्जेक्ट यूआरएल' वापरलं असेल तर काम झाल्यावर 'रिव्होक' करा, नाहीतर दुसरा-तिसरा फोटो निवडेपर्यंत स्मृती भरते.

चौकट ओढताना मागचं पानही सरकतं, त्यासाठी एडिटरच्या डब्याला सीएसएसमध्ये 'टच-अ‍ॅक्शन: नन' द्या. मात्र तो डबा पडद्याच्या काठापर्यंत नेऊ नका. बाजूला बोट ठेवायला जागा उरली नाही तर पान पुढे सरकवताच येत नाही आणि माणूस तिथेच अडकतो.

आणि आयफोनचे हेइक फोटो. आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, कॅमेरा याच प्रकारात साठवतो. फोनवरूनच निवडला तर सफारी बहुतेक वेळा जेपेग करून देतो. पण मुलाने तो फोटो लॅपटॉपवर घेऊन क्रोममधून चढवला तर क्रोमला उघडताच येत नाही. तेव्हा 'हा फोटो उघडता आला नाही, मोबाइलवरून प्रयत्न करा' असा साफ मराठी संदेश द्या. कोरा डबा दाखवू नका.

बोरू

नावाचा विषय कुणीच घेतला नाही, म्हणून मी घेतो. अक्षरांचं काम माझं, आणि कॅनव्हासवर देवनागरीचे हाल मी रोज बघतो.

पहिली गोष्ट, टंक (फॉन्ट). कॅनव्हासला 'मुक्ता' किंवा 'हिंद' सांगितला आणि तो अजून उतरलेला नसेल तर कॅनव्हास थांबत नाही, फोनमध्ये असेल त्या अक्षरात लिहून मोकळा होतो. म्हणून आधी 'डॉक्युमेंट फॉन्ट्स लोड'ची वाट बघायची. इथे मोठी खोच आहे. या आज्ञेला दुसरा पर्याय मजकुराचा असतो आणि तो दिला नाही तर ती एक रिकामी जागा धरते. गूगल फॉन्ट्स प्रत्येक लिपीची फाइल वेगळी देतो. रिकामी जागा रोमन फायलीत असते, त्यामुळे फक्त रोमन फाइल उतरते, आज्ञा 'झालं' म्हणते आणि देवनागरी आलेलीच नसते. दुसरा पर्याय म्हणून ते नावच द्या.

दुसरी गोष्ट, अक्षरं तोडणं. कॅनव्हासला अख्खा शब्द एकदम दिला तर ब्राउझर तो नीट जुळवतो. पण मजकूर-संपादनाच्या लायब्रऱ्या कर्सरसाठी, अक्षरांमधल्या अंतरासाठी किंवा ओळ दोन्हीकडून भरण्यासाठी शब्दाचे तुकडे करून एकेक काढतात. 'स्मिता' संगणकाच्या लेखी सहा खुणा आहे: स, हलंत, म, ऱ्हस्व वेलांटी, त, काना. त्या एकेक काढल्या तर स चा पाय मोडलेला राहतो आणि वेलांटी म च्या मागून, ठिपक्यांच्या गोलावर बसते. 'कुऱ्हाडे' आडनावाचं तर बघवत नाही. युनिकोडच्या नियमांतही २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत 'स्मि'चे 'स्' आणि 'मि' असे दोन तुकडे पडत होते. त्या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम आला, पण तो प्रत्येक फोनमधल्या ब्राउझरपर्यंत पोचलेला आहे असं धरून चालू नका.

म्हणून नाव संपादनात आणूच नका. ते डेटाबेसमध्ये आहे ना? परिचयपत्रिकेवर साध्या एचटीएमएलने फोटोच्या खाली दाखवा. एकत्र चित्रच हवं असेल तर सर्व्हरवर पिलोने काढा, पण आधी पिलोत 'राक्म' (अक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी) आहे का ते 'फीचर्स'मधून तपासा. तो नसेल तर पिलो खुणा नुसत्या ओळीने मांडतो, जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी चुकीच्या बाजूला जाते.

लोकांना आपलं नाव कुठेही मोडकं दिसलं की वाईट वाटतं, आणि लग्नाच्या पत्रिकेवर तर फारच. याकडे जरूर लक्ष द्या.

पाणंद

बोरू, परिचयपत्रिका एचटीएमएलनेच करते. फोटोवर काही लिहायचं नाही हे पक्कं.

गलबत यांच्या सांगण्याप्रमाणे छोट्या प्रतीवर संपादन आणि मूळ फायलीतून तुकडा असं जुळवलंय. कार्यालयातल्या सगळ्यात जुन्या फोनवर चाललं. उजेडाची पट्टी ०.९ ते १.३ एवढीच ठेवलीय, कॉन्ट्रास्ट दिलेलाच नाही. अबोलीताईंची ओळ बटणाखाली जशीच्या तशी घातली.

दोन शंका उरल्या. दिशेचं सगळं बरोबर बसलंय हे तपासायचं कसं? आणि एडिटर येण्याआधीचे जे फोटो सर्व्हरवर आहेत त्यांचं काय करू?

गलबत

दिशेसाठी आठही आकड्यांचे नमुना फोटो गिटहबवर मोफत मिळतात, ते एकेक करून चढवून बघा. २, ४, ५ आणि ७ हे आरशातल्यासारखे उलटे असतात, तेवढे चार वगळायचा मोह होतो, वगळू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो, तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेला, आणि थेट कॅमेऱ्यातून काढलेला, असे तिन्ही चढवून बघा. पहिल्यात एक्झिफ गेलेलं असतं, उरलेल्या दोन्हींत असतं.

कातळ

जुन्या फोटोंसाठी जँगोची एक मॅनेजमेंट कमांड लिहा: प्रत्येक फोटो उघडायचा, 'एक्झिफ ट्रान्सपोज', नव्याने साठवायचा, जुनी फाइल पुसायची. जेपेग साठवताना एक्झिफ वेगळं सांगितल्याशिवाय पिलो ते लिहीत नाही, त्यामुळे जीपीएस जातं. रंगाचं प्रोफाइलही जातं हे मात्र लक्षात ठेवा. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी-३ मध्ये (वेबवरच्या नेहमीच्या एसआरजीबीहून मोठा रंगसंच) असतात, प्रोफाइल नुसतं गळालं तर चेहरे फिकट दिसतात. आधी 'इमेज सीएमएस'ने एसआरजीबीत आणा, मग साठवा. हेच रोजच्या अपलोडलाही लावा.

स्वयंसेवकांनी कापून चढवलेल्या फोटोंबरोबर त्यांचे न कापलेले मूळही मीडिया फोल्डरमध्ये पडलेले असतील, कारण 'इमेज फील्ड'मध्ये नवी फाइल आली तरी जँगो जुनी आपणहून पुसत नाही. डेटाबेसमध्ये नोंद नसलेल्या फायलींची यादी काढा आणि त्या काढून टाका. बॅकअपमध्येही त्या असणार. बॅकअप किती दिवस ठेवता ते ठरवा आणि तेवढ्या दिवसांनी जुने खरोखर पुसले जातात का हे एकदा स्वतः उघडून बघा.

अबोली

आणि स्वयंसेवकांच्या मोबाइलमधलेही. ते काम कमांडने होणार नाही, पाणंदताई, एकदा सगळ्यांना बसवून समोरासमोरच करून घ्या. गॅलरीतून काढल्यावर 'अलीकडे काढलेले' या फोल्डरमधूनही काढायला सांगा.